तिसऱ्या वेळची कॉफी

१६ ऑगस्ट, बुधवार

पोस्टात होते तेव्हा रोज संध्याकाळी दिवसाची टिपणं लिहून ठेवायची सवय होती. निवृत्त झाले तशी ती सुटली. आज पुन्हा वही काढली, कारण आता दिवस मोजकेच आहेत आणि मला विसरून चालणार नाही.

काल चर्चच्या मंडळाची बैठक झाली. आम्ही सातजण उरलोय, त्यातले तिघे काठी टेकत येतात. ठरलं ते असं: ५ नोव्हेंबरला शेवटची उपासना. मग दाराला कुलूप, आणि दफनभूमी जाणार गावाच्या कारभाऱ्यांकडे. त्यानंतर एकही कबर हलवता येणार नाही.

आईला सांगायला वृद्धाश्रमात गेले. आई शहाण्णव वर्षांची आहे. तिने चर्च बंद होणार याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "म्हणजे आजीला आत आणायला एवढेच दिवस राहिले."

तिची आजी, म्हणजे माझी रॅग्ना पणजी, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलेली आहे. पश्चिमेच्या बाजूला, रस्त्याच्या चराला लागून, आमच्याच मालकीच्या जमिनीच्या पट्टीत. पणजोबा हाल्वर आत आहेत, अगदी मधोमध, कारण दफनभूमीची जमीन त्यांनीच दिलेली. त्यांच्या शेजारची जागा अजून मोकळी आहे. पणजी बाहेर का, तर तिच्या लग्नाची नोंद आमच्या चर्चच्या वहीत नाही. नोंद नाही म्हणजे लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणजे जागा नाही. पणजी गेली तेव्हा आई सात वर्षांची होती. शवपेटी फाटकापर्यंत आली आणि तिथून वळवून कुंपणाच्या कडेकडेने नेली, ते तिने पाहिलंय. या आजीनेच तिला वाढवलं होतं.

मंडळाचा अध्यक्ष ड्युएन. त्याला मी कालच विचारलं. "लेखी नोंद आण मार्लिस, मी लगेच सही करतो," म्हणाला. "पण लेखी. सांगोवांगी नको." सामुदायिक जेवणात वाढायला उभा राहिला तर मीटबॉलसुद्धा माणशी तीन मोजून घालणारा माणूस आहे तो.

हे सगळं १८८७च्या भांडणातून आलंय. देव माणसाला आधीच निवडून ठेवतो, की त्याची श्रद्धा बघून निवडतो, यावरून अख्खी नॉर्वेजियन मंडळी हमरीतुमरीवर आली. अर्धी उठून रस्त्यापलीकडे गेली आणि नाकावर टिच्चून समोरच दुसरं चर्च बांधलं. हाल्वर-रॅग्नाचं लग्न लावणारे ऑस्टन्सन पाद्रीही त्यांच्यातच गेले आणि जाताना जुनी वही घेऊन गेले. पुढे ते पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे गेले, त्यांच्याबरोबर वहीही गेली, असं आमच्या घरात सगळे सांगतात. आमची वही १८८८पासून सुरू होते. आधी लग्न झालेल्यांनी दोन साक्षीदार आणून नाव पुन्हा लिहून घ्यायचं होतं. पण आमच्यात लग्नाला दोन जामीन उभे राहत, आणि हाल्वरचे दोघेही जामीन रस्त्यापलीकडच्या, पश्चिमेच्या चर्चमध्ये गेलेले. त्यांचा शब्द आमच्या लोकांना चालेना. "एकदा लावलेलं लग्न परत काय सिद्ध करू?" म्हणून हाल्वर तरातरा घरी गेले. तोरा त्यांनी मिरवला, बाहेर राहिली ती पणजी.

२१ ऑगस्ट, सोमवार

जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले. त्या काळी डाकोटात लग्नाला सरकारी परवाना लागतच नव्हता, त्यामुळे कागदच नाही. कारकून बाई चांगली होती, पण तिच्या चांगुलपणाचं मी काय करू? हात हलवत परत आले.

वाटेत पणजीच्या कबरीशी थांबले. भोवतीचं गवत छान कापलेलं होतं. ड्युएन कुंपणाबाहेर यंत्र नेत नाही, तेव्हा रस्त्याच्या सरकारी लोकांनी कापलं असणार. दगडही पुसलेला वाटला. पाऊस झाला असेल.

पलीकडे सेल्मर बाकावर बसला होता. पश्चिमेचं चर्च बंद होऊन पन्नास वर्षं झाली. त्याची किल्ली याच्याकडे आहे, घरही चर्चला लागूनच. अठ्ठ्याण्णवाचा झाला, आणि त्यांच्यातला हा शेवटचाच. मला बघून उठला, रस्त्याच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"मार्लिस, कॉफी टाकलीय."

"नको नको, निघालेच मी."

पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग "अगदी अर्धा कप" म्हणून बसायचं, ही आमच्याकडची रीत. पण पश्चिमेच्या घरात आमच्यातलं कुणी कधी पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. तिसऱ्यांदा विचारायची वेळ मी येऊच दिली नाही, गाडी सुरू केली.

३० ऑगस्ट, बुधवार

आईने विचारलं, तिकडे कोण कोण भेटलं. म्हटलं, कोण भेटणार? एक सेल्मर दिसला.

"टोपी घालतो का अजून? डाव्या कानावर ओढून?"

"आई, मी नोंद शोधतेय, टोप्या नाही."

ती हसली. खूप दिवसांनी. मग म्हणाली, "मी त्याला एकदा बजावलं होतं. काहीही घेऊन रस्ता ओलांडलास तर याद राख, म्हटलं. वीस वर्षांची होते मी. बाबा दारात उभे होते."

त्यांच्या गाई आमच्या ओटच्या शेतात शिरायच्या, त्यावरून काहीतरी असणार. या वयात मन कुठून कुठे जातं.

निघताना माझा हात धरून म्हणाली, "फार लांब जाऊ नकोस गं." मी म्हटलं, लांब गेल्याशिवाय सापडणार कसं?

१५ सप्टेंबर, शुक्रवार

तीन आठवडे पत्रं आणि फोन यांत गेले. शेवटी ऑस्टन्सन पाद्रींची पणती सापडली, वॉशिंग्टन राज्यात, समुद्राकाठी. फोनवर गोड बोलली. त्यांच्याकडे पाद्रीबुवांचा पाइप आहे, चष्मा आहे, भजनांचं पुस्तक आहे. वही नाही.

"पणजोबा एकच पिशवी घेऊन इकडे आले होते," ती म्हणाली. "बाकी सगळं मंडळीकडे ठेवून आलो, असं म्हणायचे."

"मंडळीकडे? आमच्याकडे तर काही नाही हो."

"मग काय सांगू बाई," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. सत्तर वर्षांची बाई, एका वहीसाठी. ती वही वाटेत कुठल्यातरी आगगाडीत राहिली असेल. एवढीच वाट होती, तीही बुजली.

२४ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर मी आणि ड्युएनने हाल्वरशेजारची जागा मोजली. पुरेशी आहे. "जागेचा प्रश्नच नाही गं," ड्युएन म्हणाला, "प्रश्न कागदाचा आहे." मला वाटलं, मापाची पट्टी त्याच्या डोक्यात घालावी.

तो गेल्यावर मी पणजीपाशी उभी होते. सेल्मर पलीकडच्या कडेला आला. टोपी खरंच डाव्या कानावर ओढलेली होती.

"काय शोधतेस पोरी एवढं?"

"पणजीच्या लग्नाची नोंद."

"सगळीकडे पाहिलंस?"

"सगळीकडे."

"सगळीकडे?"

"हो म्हटलं ना!"

तो आपल्या बुटांकडे बघू लागला. आमची माणसं मनातलं सरळ बोलत नाहीत, पण हा त्यांच्यातही कळस. मग म्हणाला, "काही गोष्टी मला रस्ता ओलांडून आणता येत नाहीत. घ्यायला कुणीतरी यावं लागतं."

"गुडघा दाखवा डॉक्टरला, सेल्मर. या वयात अंगावर काढू नये."

"गुडघा ना. हो." तो म्हणाला, "कॉफी टाकलीय."

"आज नको. आई वाट बघत असेल."

"म्हणजे दोनदा झालं," तो म्हणाला. मला हसू आलं. त्यालाही आलं असावं. "गुड्रून कशी आहे?" त्याने विचारलं. म्हटलं, आहे तशी आहे. यावर त्याने उगाचच टोपी काढली आणि परत घातली.

२ ऑक्टोबर, सोमवार

जुन्या चर्चवह्या जिथे जपून ठेवतात तिथे जाऊन आले. जाताना सात तास गाडी हाकली, येताना पावसात नऊ. डोळे फुटेपर्यंत पडद्यावर पानं पाहिली. आमची वही १८८८पासूनच.

तिथली बाई म्हणाली, "पलीकडच्या मंडळीची वही आमच्याकडे कधीच आली नाही. त्यांना विचारलंत का?"

"ती पाद्र्याबरोबर गेली."

"नक्की? कुणी पाहिलं जाताना?"

आमच्या घरात सगळे तसंच सांगतात, एवढंच मला माहीत.

येताना रस्ताभर तोच विचार. असती तर सेल्मरने सांगितलं नसतं? सरळ तोंडावर विचारलं होतं की त्याने, काय शोधतेस म्हणून. तरी विचारून बघावं असं ठरवलंय. तो आता तिसऱ्यांदा विचारेल, तेव्हा हो म्हणायचं, बसायचं आणि कॉफी पिता पिता विषय काढायचा. आपण होऊन दार ठोठावणं बरं नाही, आणि ते दार तर नाहीच. बाबांची आई असती तर तिने माझं नाव टाकलं असतं.

११ ऑक्टोबर, बुधवार

मधे आईला ताप होता, आठवडा त्यातच गेला. आज मुद्दाम दोनदा दफनभूमीत गेले. सकाळी बाक रिकामा. दुपारी परत गेले, तर सेल्मरच्या घरामागून धूर येताना दिसला, म्हणजे घरी आहे. मी पणजीचा दगड पुसत राहिले. नंतर हाल्वरचा पुसला. मग ज्यांची नावंही मला वाचता येत नाहीत अशा चौघांचे पुसले. बीट भरलेले ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. कुणी बाहेर आलं नाही.

थंडीने बोटं बधिर झाली तेव्हा घरी आले. म्हातारा रुसला की काय! धूर मात्र संध्याकाळपर्यंत होता.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

पोस्टातल्या नव्या बाईने सांगितलं, सेल्मर सोमवारीच गेला. सकाळी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी संपलं. मिनियापोलिसहून पुतण्या आलाय.

म्हणजे बुधवारी मी कुणाची वाट बघत होते?

आईला सांगितलं. तिने जेवण तसंच परत पाठवलं. मग म्हणाली, माझे केस विंचर. मी विंचरले. "नीट विंचर," म्हणाली, "भांग पाड." एका शाळेत होते म्हणे दोघं. तेवढ्यानेही वाईट वाटतंच माणसाला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

काल सेल्मरचं दफन झालं. आमच्यातलं कुणी गेलं नाही. आईने मात्र काळा झगा काढून मागितला. म्हटलं, आई, आपली माणसं तिकडे जात नाहीत आणि बाहेर वारा केवढा आहे. परिचारिकाही नको म्हणाली. आई सबंध दिवस झगा मांडीवर घेऊन बसली होती.

आज विचारलं, "कुठे ठेवलं त्याला?"

"त्यांच्या दफनभूमीच्या फाटकाशी, अगदी रस्त्याला लागून. ती जागा त्याने फार पूर्वीच धरून ठेवली होती म्हणे. आत एवढी ऐसपैस जमीन असताना! आपल्या पणजीच्या बरोब्बर समोर."

आई "हं" म्हणाली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज गेले. रस्ता ओलांडला, पायऱ्या चढले आणि दार ठोठावलं. पुतण्याचं नाव क्रेग. पन्नाशीचा असेल, बिचारा घर आवरून दमलेला.

"या ना," म्हणाला. एकदाच म्हणाला, आणि मी आत गेले.

म्हटलं, मी समोरच्या चर्चमधली मार्लिस, गुड्रूनची मुलगी. जुनी चर्चची वही कधी पाहिलीत का इथे?

"तपकिरी? एवढी जाड? बाजूला पितळी कडी असलेली?"

मी खुर्चीवर बसले.

"ती इथेच होती, या टेबलावर," तो म्हणाला. "ती आणि दोन कप. मी ऑगस्टमध्ये येऊन गेलो तेव्हाही तसंच मांडलेलं होतं. काकांना म्हटलं, कुणी येणारंय का? तर म्हणाले, येईल. एका पानात फीत घातलेली होती."

"आता कुठे आहे?"

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. मागे अंगणात कचरा जाळायचं पिंप होतं.

"मला वाचता येत नव्हतं हो. सगळी जुनी नॉर्वेजियन अक्षरं. उंदरांनी कडा खाल्लेल्या, बुरशीचा वास. जुनी मासिकं, बियाण्यांची पत्रकं, सगळं बुधवारी... तुम्हाला हवी होती का?"

बुधवारी. मी रस्त्यापलीकडे दगड पुसत उभी होते आणि धूर बघून म्हणत होते, घरी आहे.

त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण त्याचा काय दोष? त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मी विचारलं, फीत घातलेलं पान पाहिलं होतं का. तो म्हणाला, नावांची यादी होती, शाईने लिहिलेली, आणि अगदी खाली, मोकळ्या जागेत, पेन्सिलने दोन नावं लिहून खोडलेली. कुणा पोराने गिरगोटलं असेल. जाळताना पितळी कडी तेवढी त्याने काढून ठेवली होती, ती मला दिली. मग म्हणाला, "कॉफी घेणार?" मी हो म्हटलं. त्या दोन कपांतला एक माझ्यापुढे आला.

२९ ऑक्टोबर, रविवार

बैठकीत पितळी कडी ड्युएनपुढे ठेवली. सगळं सांगितलं. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने पुसली.

"मार्लिस, अगं ही कडी आहे. यात नाव कुठंय?"

"वही होती ड्युएन. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ समोर होती. आपल्यातला एकजण जरी गेला असता—"

"तू गेलीस का?"

बाकीचे आपापल्या कपात बघत होते. ड्युएनचेही डोळे ओले झाले असावेत. म्हणाला, "माझ्या आजोबांनी पाळलेला नियम मी शेवटच्या आठवड्यात मोडू? मला नाही जमणार गं." विषय संपला. पुढे वेदीवरच्या मेणबत्त्यांचं काय करायचं यावर तासभर बोलले.

१ नोव्हेंबर, बुधवार

आईला आज सगळं सांगितलं. तीन दिवस टाळलं होतं. वही होती, समोरच होती, जळली, आजी बाहेरच राहणार. वाटलं होतं, रडेल, मला बोलेल. तिने कडी हातात घेतली आणि मूठ मिटली.

"ते पेन्सिलचंही जळलं का?" तिने विचारलं.

"सगळंच जळलं, आई."

पेन्सिलचं तिला कसं माहीत, असं घरी येताना मनात आलं. बोलता बोलता मीच सांगितलं असेन. माझंही वय झालंच आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

झालं. कुलूप लागलं.

आईला चाकाच्या खुर्चीतून आणली होती. काळा झगा, केसांचा भांग, मुठीत कडी. उपासना चांगली झाली म्हणायची. शेवटच्या भजनाला सातजणांचा आवाज कितीसा होणार? बायबल, प्याला, मेणबत्त्या एकेक करून बाहेर नेल्या. तळघरात कॉफी झाली, बटाट्याच्या पातळ लेफ्से-पोळ्या होत्या. मग ड्युएनने कागद फिरवला. ज्यांच्या जागा राखलेल्या आहेत त्यांनी सह्या करायच्या, दफनभूमीची वही उद्या गावाकडे जाणार.

आईने चष्मा मागितला, कागद वाचला आणि स्वतःच्या नावावर काट मारली.

"गुड्रून, अगं हे काय?" ड्युएन म्हणाला. "केर्मिटशेजारची आहे ती जागा."

केर्मिट म्हणजे माझे बाबा. अठरा वर्षं झाली त्यांना.

"मला बाहेर ठेवा," आई म्हणाली. "आजीपाशी. ती जमीन आमची आहे, तुझी सही लागत नाही."

"आई, आणि बाबा?" मी म्हटलं. "ते एकटे?"

"तुझे बाबा चांगले होते. त्यांच्याशेजारी तू ये."

मला फार लागलं ते. अजून लागतंय. सगळा खटाटोप आजीला आत आणायचा, तर ही उठून बाहेर चालली. पण एवढी माया असते कुणाकुणाची. सात वर्षांची असताना पाहिलेलं तिच्या मनातून गेलंच नाही. ड्युएनने हळूच विचारलं, आजीच्या कुठल्या बाजूला. "रस्त्याच्या," आई म्हणाली. म्हटलं, तिथे ट्रकची धूळ येते, वारा लागतो, पलीकडची बाजू घे. ऐकेना.

मग म्हणाली, मला तिथे ने. खुर्ची गवतातून ढकलत नेली, घामाघूम झाले. ती पणजीच्या दगडाकडे जेमतेम बघून खुर्ची वळवायला लावून रस्त्याकडे तोंड करून बसली. पलीकडे सेल्मरच्या ताज्या मातीवर अजून दगड बसलेला नाही.

थर्मासमध्ये कॉफी होती. विचारलं, घेतेस? "नको." थंडीने ओठ निळे पडले होते, म्हणून परत विचारलं. "नको गं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले. कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. मांडीवर तसाच धरून समोर बघत राहिली.

अर्ध्या तासाने कॉफी पार गार झाली. मी ती कडेला ओतली आणि आईला गाडीत बसवलं. पणजीच्या भोवती वाळकं गवत आडवं पडलंय, दगडावर पाचोळा साचलाय. रस्त्याचे लोक या महिन्यात फिरकलेले दिसत नाहीत. उद्या त्यांना फोन करून सांगायला हवं.